कॅम्पर व्हॅनने मेक्सिकोचा किनारा: दोघांनी कसं जायचं, काय तयारी करायची

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा, दिवसाला २५० किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामाला लागायचं. आम्ही दोघं जानेवारीत अमेरिकेतल्या सॅन होजेहून निघालो आणि मार्चच्या शेवटी परत आलो. बाहा कॅलिफोर्निया, म्हणजे मेक्सिकोच्या पश्चिमेचं लांबट द्वीपकल्प, वरपासून खाली ला पासपर्यंत, तिथून फेरीने समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर मासात्लान, मग नायारित आणि हालिस्को या राज्यांचा किनारा बार्रा दे नाविदादपर्यंत, आणि आलो त्याच वाटेने परत. या दहा आठवड्यांत जे काही बिघडलं, जी भांडणं झाली, जिथे खरंच भीती वाटली, ते जवळजवळ सगळं हा नियम मोडला त्याच दिवशी झालं.

कारण रस्ता. बाहाचा हायवे म्हणजे फेडरल हायवे १, तो १९७३ साली पूर्ण झाला, अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबोपर्यंत साधारण १७०० किलोमीटर, आणि बराचसा अजूनही दोनच लेनचा आहे. कडेला शोल्डर नाही, डांबर संपलं की सरळ खाली खड्डा, समोरून अठरा चाकी ट्रक येतो तेव्हा दोन साइड आरशांमध्ये हातभर अंतर राहतं. रात्री गाई-घोडे रस्त्यावर येऊन बसतात कारण डांबर उबदार असतं, आणि कुंपण बऱ्याच ठिकाणी नसतंच. म्हणून रात्री गाडी नाही म्हणजे नाही. तीन वाजता पोचायचं कारण असं की पहिली जागा पसंत पडली नाही तर दुसरी शोधायला उजेड हवा.

कधी जायचं? नोव्हेंबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. पॅसिफिकच्या बाजूला चक्रीवादळांचा सीझन १५ मे ते ३० नोव्हेंबर असतो आणि उन्हाळ्यात कोर्तेसच्या समुद्राकाठी (बाहा आणि मुख्य भूमीच्या मधला समुद्र) व्हॅनमध्ये झोपणं शक्य नाही, लोखंडाचा डबा नुसता तापत राहतो. जानेवारी ते मार्च सगळ्यात चांगला, देवमासेही तेव्हाच असतात. फक्त हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, कधी तीन-तीन दिवस, तेव्हा व्हॅनचं तोंड वाऱ्याकडे करून लावा नाहीतर रात्रभर झोका मिळतो आणि सरकतं दार उघडलं की वाळू थेट गादीवर.

आता कागदपत्रं, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचं खरं टेन्शन तिथेच असतं. भारतीय पासपोर्ट असेल आणि अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आठवड्यात एकदा नियम बघून घ्या. एच-१बी वाल्यांनी पासपोर्टवरचा व्हिसा स्टँप तपासा. स्टँप संपलेला असताना नुसत्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, परत यायची जी सोय आहे ती ३० दिवसांपर्यंतच्याच ट्रिपला लागू होते, आमच्यासारखी दहा आठवड्यांची ट्रिप त्यात बसत नाही. बॉर्डरवर टुरिस्ट परमिट, म्हणजे एफएमएम, घ्यायचंच. जमिनीवरून जाताना तुम्हाला कोणी थांबवून देत नाही, गाडी पार्क करून आपणच खिडकीवर जाऊन मागावं लागतं आणि खूप जण तिथेच चुकतात. जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण ऑफिसर लिहील तेवढेच खरे, म्हणून किती दिवस हवेत ते स्पष्ट सांगा आणि कागद हातात आला की तिथेच आकडा वाचा. आम्ही तेकातेवरून गेलो, तिहुआनापेक्षा छोटं आणि शांत नाकं आहे.

गाडीचं वेगळं. बाहात गाडीला परमिट लागत नाही, पण फेरीने पलीकडे मुख्य भूमीवर जायचं तर तात्पुरता आयात परवाना लागतो, सगळे त्याला टीआयपी म्हणतात. तो बानहेर्सितो नावाची बँक देते, आणि तिची खिडकी ला पासच्या पिचिलिंगे बंदरावरच आहे. साध्या गाडीला डिपॉझिट भरावं लागतं, २००७ आणि त्यानंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, आणि गाडी बाहेर नेऊन परवाना रद्द केला की ते परत मिळतं. गाडी कॅम्पर म्हणून नोंदली गेली तर परवाना दहा वर्षांचा आणि डिपॉझिट नाही, म्हणून बेड, शेगडी, सिंक यांचे फोटो फोनमध्ये तयार ठेवा. आपल्याकडच्या नावांची गंमत माहितीच आहे, पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे आणि गाडीच्या रजिस्ट्रेशनवर नुसतं पहिलं नाव-आडनाव. हे घरीच जुळवून घ्या, निघायच्या महिनाभर आधी. गाडीवर लोन असेल तर बँकेचं परवानगीचं पत्र लागेल. आणि इन्शुरन्स मेक्सिकोचाच हवा, अमेरिकेतली पॉलिसी तिथे धरत नाहीत, अपघातात कोणाला लागलं आणि तुमच्याकडे तिथला इन्शुरन्स नसला तर प्रकरण मिटेपर्यंत अडकून पडाल.

सेकंडहँड व्हॅन घेतली असेल तर एक काम न विसरता करा. सगळे कप्पे, सीटखालची जागा, स्पेअर टायरची खाच, टॉर्च घेऊन तपासा. मेक्सिकोत बंदुकीची एक गोळी सापडली तरी तुरुंगापर्यंत जाऊ शकतं, मग ती आधीच्या मालकाची का असेना. औषधांच्या पेटीतून स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी काढून टाका, तिथे तिला बंदी आहे, आणि व्हेपसुद्धा नेऊ नका. डाळी-तांदूळ-मसाले आम्ही सीलबंद पाकिटांत नेले आणि आम्हाला काही त्रास झाला नाही, ताजी फळं आणि मांस मात्र नाही. बाहाच्या दोन राज्यांची हद्द २८व्या अक्षांशावर आहे, गेरेरो नेग्रोच्या अलीकडे, तिथेही फळांची तपासणी होते आणि गाडीखाली औषध फवारून थोडे पैसे घेतात. घड्याळही तिथे बदलतं बरं का, दक्षिणेकडचं राज्य हिवाळ्यात एक तास पुढे आहे, तीनचे चार होतात. रस्त्यात मिलिटरीचे चेकपोस्ट लागतील, पोरं विशीतली असतात, गॉगल काढायचा, गुड आफ्टरनूनच्या जागी बुएनास तार्देस म्हणायचं, दार उघडून दाखवायचं, पाच मिनिटांत सोडतात.

व्हॅनच्या आत काय हवं यावर लोक हजारो डॉलर घालवतात, मी थोडक्यात सांगते. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावर ३०० वॉटचं सोलर, एवढ्यावर आमचा १२ व्होल्टचा फ्रिज, पंखा, दिवे आणि दोन लॅपटॉप आरामात चालले, ऊन आहेच भरपूर. पाण्याची टाकी मोठी घ्या, आमची ८० लिटरची होती आणि जपून वापरलं तर पाच दिवस पुरली. पिण्याचं पाणी गावोगावच्या पुरिफिकादोरात मिळतं, २० लिटरचा गाराफोन घेऊन गेलं की किरकोळ पैशांत भरून देतात, नळाचं पाणी प्यायचं नाही. कपडे लावांदेरियात किलोवर टाकायचे, संध्याकाळी घडी घालून मिळतात.

कुकर न्याच. तीन लिटरचा, सिंगल शेगडीवर बसेल असा. पण फोडणी द्यायची ती सरकतं दार पूर्ण उघडून आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावून, कारण मोहरी तडतडली की धुराचा अलार्म बोंबलतो आणि मग माणसं वैतागून अलार्मच काढून टाकतात. तो काढू नका. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही चालू हवेत. थंडीत खिडक्या लावून शेगडीवर ऊब घेणाऱ्या लोकांसाठीच ते आहेत. भाताची वाफ आतच राहिली तर सकाळी गादीखाली ओल येते, म्हणून आठवड्यातून दोनदा गादी उभी करून वाळवायची.

डिझेल-पेट्रोलचं गणित एकाच टप्प्यात कठीण आहे. एल रोसारिओत टाकी फुल करा, अर्धी असली तरी, कारण पुढे गेरेरो नेग्रोच्या जवळ येईपर्यंत जवळजवळ ३०० किलोमीटर भरवशाचा पंप नाही. मध्ये काताविन्याला लोक पिंपातून पेट्रोल विकतात, अडल्यावर तेवढं ठीक. फोनला रेंजही नसते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि हाच टप्पा सगळ्यात देखणा आहे, घराएवढे गोल दगड, त्यात कार्दोनचे उंच निवडुंग आणि सिरिओची झाडं, उलट्या गाजरासारखी, टोकाला बारीक. पंपावर हिरवा पाइप साधा, लाल प्रीमियम, काळा डिझेल. भरायच्या आधी मशीनवर शून्य आहे का ते गाडीतून उतरून बघायचं, दोन-चार पेसो टिप द्यायची. रस्त्यात गाडी बंद पडली तर ०७८ लावा, आंखेलेस व्हेर्देस, म्हणजे हिरवे देवदूत, सरकारची हायवे मदत आहे, हिरव्या गाड्या फिरत असतात. इमर्जन्सीला ९११.

तोपे हा शब्द पाठ करा. स्पीडब्रेकर. गावाच्या आत, बाहेर, कधी बोर्ड असतो कधी नसतो, आणि उंची आपल्याकडच्या गल्लीतल्यासारखी. सान किन्तीनमध्ये संध्याकाळी साडेपाचला (हो, त्या दिवशी ३४० किलोमीटर झाले होते) आम्ही एकावरून पन्नासच्या स्पीडने गेलो आणि सांडपाण्याचा पाइप तुटला. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात तुटलेला तुकडा दाखवला, त्याने न बोलता तस्साच दुसरा काढून दिला. शब्द येत नसला तर वस्तू दाखवायची, सगळीकडे चालतं. आणखी एक, पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ "ये, ओव्हरटेक कर" असतो, पण कधी तो खरंच डावीकडे वळत असतो. डोळ्यांनी मोकळा रस्ता दिसल्याशिवाय जाऊ नका.

थांबायचं कुठे? गेरेरो नेग्रोला दोन रात्री, ओहो दे लिएब्रेच्या खाडीत करडे देवमासे पिल्लं घालायला येतात, आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहून. परवानाधारक पांगानेच जायचं, छोटी मोटरबोट असते. आमच्या बोटीला खेटून एक मादी वर आली, तिच्या पाठीवर बार्नॅकलचे, म्हणजे कातडीला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या जीवांचे, पांढरे चट्टे होते, तिने श्वास सोडला आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडावर कोमट, मासळीच्या वासाचे तुषार. नवरा बोलेनासा झाला. दुपारी वारा वाढतो म्हणून सकाळची पहिली बोट घ्या. पुढे सान इग्नासिओला खजुरांच्या झाडीत एक रात्र. मुलेहेच्या खाली बाहिया कॉन्सेप्सिओन, तिथे मात्र आठवडा ठेवा, सान्तिस्पाक, एल कोयोते, रेकेसोन असे एकापुढे एक बीच, पाण्यापासून दहा पावलांवर व्हॅन, झावळ्यांच्या छपराचा मांडव (पालापा), माणूस संध्याकाळी येऊन दोन-तीनशे पेसो रोख घेऊन जातो. भाजीवाला, पाणीवाला, तमालेवाली गाडी घेऊन बीचवरच येतात.

वाळूचं नीट सांगते कारण आम्ही रुतलो. लोरेतोच्या अलीकडे एका बीचवर मी उतरून वाळू न बघता गाडी आत घातली, वरून घट्ट दिसत होती, पाच मीटरवर मागची चाकं बसली. आणि मी जे करू नये तेच केलं, अ‍ॅक्सिलरेटर दिला. चाकं अ‍ॅक्सलपर्यंत खाली. भरती यायला तीन तास होते. शेजारचा एक म्हातारा कोळी आला, त्याने हाताने खूण करून मला सीटवरून उतरवलं, टायरच्या व्हॉल्व्हवर काडी टेकवून हवा सोडायला लागला. आमच्या टायरमध्ये ६५ पीएसआय होती, गेज लावून बघितलं तर त्याने २५ वर आणली. मग चाकांच्या मागची वाळू दोघांनी हातांनी उकरून उतार केला, त्यावर त्याने सुक्या झावळ्या आडव्या टाकल्या, आणि मग मागे, रिव्हर्समध्ये, अगदी हळू, स्टीअरिंग सरळ ठेवून. तिसऱ्या वेळी निघाली. आम्ही पैसे देऊ केले, त्याने नाही म्हटलं, शेवटी चहा केला, आलं घातलेला, तो त्याने दोन कप घेतला. तर तुम्ही काय करायचं, आधी पायी चालून या, टाच रुतली तर गाडी रुतणारच, आत जायच्या आधीच हवा कमी करा, फावडं आणि चाकांखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड ठेवा, आणि हवा परत भरायला १२ व्होल्टचा कंप्रेसर. कंप्रेसर नसेल तर हवा सोडून उपयोग नाही, पुढे डांबरावर टायर जातील.

खाण्याचं. मासे खाणाऱ्यांची मजाच आहे, एन्सेनादाचे फिश टाको खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाकाहारी असाल तर नुसतं "सिन कार्ने" म्हणून भागत नाही, त्याचा अर्थ लोक लाल मांस नको असा घेतात आणि चिकन घालून देतात, म्हणून सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, तिन्ही म्हणा. राजम्यासारखे फ्रिहोलेस बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, तेव्हा "सिन मान्तेका?" विचारा. तोर्तियेरियातून गरम तोर्तिया किलोवर मिळतात, फडक्यात बांधून आणायच्या, पिठलं आणि मक्याची तोर्तिया हे आमचं दहा आठवड्यांचं रात्रीचं जेवण होतं. पानेला चीज पनीरसारखं तळता येतं.

आता दोघांचं. बारा चौरस मीटरसुद्धा नसलेल्या डब्यात दहा आठवडे म्हणजे प्रेम असलं तरी नियम लागतात. आमचे तीन होते. जो चालवतो तो रस्ता शोधत नाही, शेजारचा सांगेल ते आणि चुकलं तर यू-टर्न, बोलणं नाही. मुक्कामाची जागा दोघांपैकी एकालाही खटकली तर कारण न विचारता निघायचं, मी हा हक्क चारदा वापरला, त्याने दोनदा, आणि एकदाही आम्ही त्यावर वाद घातला नाही. तिसरा, आठवड्यातून एक रात्र हॉटेलात किंवा पोसादात, गरम पाणी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून आपापल्या घरी फोन. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा, तिथे कंजूषी करू नका. भांडण बहुतेक वेळा दुपारी चारला व्हायचं, भूक आणि ऊन, म्हणून बाराला थांबून जेवायचंच.

फेरीचं तिकीट आदल्या दिवशी ला पासमध्ये किंवा बंदरावर जाऊन काढा, रोज असेलच असं नाही. भाडं गाडीच्या लांबीवर असतं, मागचं सायकल रॅकही मोजतात. टीआयपी आधी, तिकीट नंतर. गाडीबरोबर फक्त ड्रायव्हर आत जातो, दुसऱ्याने पायी चढायचं. प्रवासी फेरीत एकदा वर गेलात की गाडीकडे परत जाऊ देत नाहीत, रात्रभर तिथेच असता, म्हणून पांघरूण, औषधं, खाणं, चार्जर एका पिशवीत. गॅसचा व्हॉल्व्ह बंद.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलते. बाहात आम्हाला कुठेही भीती वाटली नाही. सिनालोआत २०२४ च्या सप्टेंबरपासून टोळ्यांमधला हिंसाचार वाढलाय, मासात्लानही त्याच राज्यात आहे, म्हणून आम्ही कुलियाकानच्या बाजूचा रस्ता घेतलाच नाही, फेरीने उतरलो, समुद्राकाठी एक रात्र राहिलो आणि सकाळी टोलरोडने, ज्याला कुओता म्हणतात, थेट नायारित. बार्रा दे नाविदादच्या पुढे कोलिमा, मिचोआकान, गेरेरो लागतात, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या राज्यवार यादीत आम्ही बघितलं तेव्हा तिथे जाऊ नका असंच होतं, आम्ही वळलो. तुम्ही निघाल तेव्हाची यादी बघा, आणि गावात पेट्रोलपंपावर विचारा, लोक खरं सांगतात.

नायारितला पोचलं की मात्र मराठी माणसाचा जीव रमतो. सान ब्लासच्या रस्त्याला टपऱ्यांवर फणस! तिथे त्याला याका म्हणतात, नायारित हा मेक्सिकोतला फणसाचा सगळ्यात मोठा भाग, अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारा फणस बराचसा इथलाच. टपरीवरची बाई सुरीला तेल लावून चिरत होती, अगदी आजी लावायची तसं, गरे पिशवीत भरून आठळ्या बादलीत टाकत होती. मी आठळ्या मागितल्या तर तिला नवल वाटलं, फुकट दिल्या. त्या रात्री कुकरमध्ये मीठ घालून तीन शिट्ट्या. सान ब्लासला डासांपेक्षाही वाईट हेहेनेस आहेत, डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक चिलट, साध्या जाळीतून आत येतात, म्हणून अतिबारीक जाळी आधीच शिवून घ्या आणि सूर्य मावळायच्या आधी दारं लावा. पुढे पुएर्तो व्हायार्ताच्या मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, तुबा विकणारे फिरतात, खांद्यावर भोपळ्याचं भांडं, आत माडाची नीरा, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे. माड आणि त्याची नीरा काढायची कला फिलिपाइन्सहून मनिलाच्या गलबतांवरून तिकडे गेली, ती गलबतं १५६५ ते १८१५ पॅसिफिक ओलांडत होती. सकाळी प्या, दुपारपर्यंत आंबते.

परतताना शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा. टीआयपी डिपॉझिटवाला असेल तर मुदतीच्या आत गाडी घेऊन बानहेर्सितोच्या खिडकीवर जाऊन रद्द करा आणि पावती जपून ठेवा, रद्द न करता निघून गेलात तर पैसे जातात आणि पुढच्या वेळी त्या गाडीला परवाना मिळत नाही. परतीला तेकातेचं नाकं रात्री बंद असतं, वेळ आधी बघून घ्या. फ्रिज रिकामा करा, फळं, कच्चं मांस अमेरिकेत नेता येत नाही, उरलेल्या आठळ्यासुद्धा मी एन्सेनादातच शिजवून संपवल्या. जे काही खाण्याचं राहिलं असेल ते विचारायच्या आधी सांगून टाका. रांगेत दोन-तीन तास जाऊ शकतात, तेव्हा पाणी आणि चिवडा हाताशी, आणि पासपोर्ट दोघांचे एकाच पाउचमध्ये, डॅशबोर्डवर.